क्वालिफायिंगची लॅप कशी वाचावी

फॉर्म्युला वनचं शनिवारचं क्वालिफायिंग संपलं की लगेच निकाल लावून मोकळे होणारे बरेच असतात. अमक्याचं इंजिन जबरदस्त, तमक्याच्या इंजिनात दम नाही. निकालाच्या तक्त्यावर मात्र गाडीच्या नावापुढे एकच वेळ असते, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजलेली. त्या एका वेळेत इंजिन असतं, बॅटरी असते, विंगचा कोन असतो, टायरचं तापमान असतं, वारा असतो आणि चालवणाऱ्याचं कसब असतं. यातलं इंजिनाचं किती, हे घरी बसून बऱ्यापैकी ओळखता येतं. त्यासाठी तिन्ही सेक्टरच्या वेळा, स्पीड ट्रॅपचा वेग आणि लॅप सत्रात कधी लागली याची नोंद लागते. हे सगळं आज मोबाइलवर मिळतं. कोणत्या क्रमानं पाहायचं ते कळलं पाहिजे, म्हणून हा लेख.

सगळ्यात आधी ट्रॅक पाहा. मोनाकोची लॅप ३.३३७ किलोमीटरची आहे आणि तिथे पूर्ण थ्रॉटल निम्म्या लॅपभरही मिळत नाही. मोंझाची लॅप ५.७९३ किलोमीटरची आणि तिथे जवळजवळ तीन चतुर्थांश लॅप पाय खाली दाबलेलाच असतो. इंजिनात वीस हॉर्सपॉवर कमी असतील तर मोंझाला ती उणीव लपवायला जागा नाही. मोनाकोला मात्र चांगली चॅसी ती झाकून टाकते.

२०१८ सालच्या मोनाकोत हे फार स्पष्ट दिसलं. डॅनियल रिकार्डोनं रेड बुलमधून १ मिनिट १०.८१० सेकंदांची लॅप लावून पोल, म्हणजे शर्यतीच्या सुरुवातीची पहिली जागा, घेतली. त्याच्या गाडीत रेनोचं इंजिन होतं आणि त्या काळात ते मर्सिडीज व फेरारीच्या मागे आहे, हे सगळेच मान्य करत. रविवारी ७८ लॅप्सच्या शर्यतीत २८ व्या लॅपच्या सुमारास त्याची एमजीयू-के निकामी झाली. ब्रेक लावताना वीज साठवणारी आणि नंतर ती चाकांना देणारी ही मोटर म्हणजे साधारण १६० हॉर्सपॉवर. ती गेली, आठपैकी पहिल्या सहाच गिअरवर गाडी चालवावी लागली आणि मोटरनं करायचं काम अंगावर आल्यामुळे मागचे ब्रेक तापू लागले. तरी रिकार्डो जिंकला. मोनाकोत ओव्हरटेक करणं अतिशय अवघड, त्यामुळे मागच्या वेटेलला वाट मिळाली नाही, हेही खरं. म्हणून शर्यतीपेक्षा मी शनिवारची पोल अधिक महत्त्वाची मानतो. त्या लॅपमध्ये कुणी कुणाला अडवत नव्हतं आणि कमी ताकदीची गाडी निखळ वेळेवर पुढे होती.

तेव्हा मोनाको, हंगेरी किंवा सिंगापूरच्या तक्त्यावरून इंजिनाबद्दल काहीच ठरवू नका.

यानंतर बहुतेकांची नजर स्पीड ट्रॅपकडे जाते आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. ट्रॅप म्हणजे सरळ रस्त्यावरच्या एका ठरावीक जागी मोजलेला वेग. यादीत वर असलेल्याचं इंजिन ताकदवान, असं मानायचा मोह होतो. पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि तो मोडून काढायला लागणारी ताकद घनानं. म्हणजे ताशी ३३० किलोमीटरला ताकद एक टक्क्यानं वाढली तर कमाल वेग जेमतेम एका किलोमीटरनं वाढतो. मागची विंग थोडी उभी किंवा थोडी आडवी केली, तर हाच फरक सहज पाच-सात किलोमीटरचा होतो. फॉर्म्युला वन गाडीचा हवेशी झगडा एवढा मोठा असतो की ३०० च्या वेगात नुसता थ्रॉटल सोडला, तरी ती आपल्या गाडीच्या करकचून लावलेल्या ब्रेकइतकी मंदावते. ट्रॅपवर पाच किलोमीटरचा फरक दिसला तर पहिला संशय विंगवर घ्या. इंजिनाचा विचार त्यानंतर.

२०११ च्या मोंझात रेड बुलच्या वेटेलनं जवळजवळ अर्ध्या सेकंदाच्या फरकानं पोल घेतली. मोंझा वेगाचं देऊळ मानलं जातं, तरी सरळ रस्त्यावरच्या वेगाच्या यादीत त्याचं नाव खालच्या बाजूला होतं. रेड बुलनं गिअर आखूड ठेवले होते आणि विंग इतरांपेक्षा जास्त. सरळ रस्त्यावर गमावलेलं त्यांनी वळणांत आणि वळणातून बाहेर पडताना वसूल केलं. रविवारी सुरुवातीलाच अलोन्सो पुढे निघून गेला. वेटेलनं कुर्वा ग्रांदेला दोन चाकं गवतात घालून त्याला मागे टाकलं आणि शर्यत जिंकली. नुसता ट्रॅप पाहून अंदाज बांधणाऱ्यांनी त्या आठवड्यात त्याला मोडीत काढलं असतं.

याच्या उलट उदाहरण आपल्या ओळखीचं आहे. २००९ साली बेल्जियममधल्या स्पाला फोर्स इंडियाच्या जानकार्लो फिसिकेलानं पोल घेतली आणि भारतात अनेकांचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसला नाही. तोवर त्या संघाला एक गुणही मिळालेला नव्हता. त्यांच्या गाडीत मर्सिडीजचं इंजिन होतं, पण त्या वर्षी मॅक्लारेन आणि ब्रॉन यांच्या गाड्यांतही तेच इंजिन होतं आणि स्पाला ते दोघे मागे राहिले. म्हणजे इंजिन चांगलं होतं, निर्णायक मात्र नव्हतं. गाडी हवा कमी अडवणारी होती आणि स्पाच्या लांब रस्त्यांना ती मानवली. त्या काळी क्वालिफायिंगच्या तीन सत्रांपैकी शेवटच्या सत्रात शर्यतीचं पेट्रोल भरूनच उतरावं लागे, त्यामुळे कुणाच्या टाकीत किती आहे यावरही क्रम ठरत असे. रविवारी रायकोननच्या फेरारीत साठवलेल्या विजेचा जोर होता. सेफ्टी कार आत गेल्यावर त्यानं तो वापरून फिसिकेलाला मागे टाकलं आणि शेवटपर्यंत पुढेच राहिला. फिसिकेला त्याच्यामागे सेकंदभराच्या आत दुसरा आला. २०१० पासून शर्यतीत पेट्रोल भरणं बंद झालं आणि क्वालिफायिंग पुन्हा हलक्या टाकीवर होऊ लागलं, म्हणून २००३ ते २००९ चे तक्ते आजच्या तक्त्यांशेजारी ठेवू नका.

मग विंग आणि इंजिन वेगळं काढायचं कसं? वळणात आणि सरळ रस्त्यावर काय झालं हे एकत्र पाहायचं. विंग कमी केलेली गाडी सरळ रस्त्यावर पळते, पण वेगवान वळणांत हळू पडते. ताकदवान इंजिनाची गाडी सरळ रस्त्यावर पळते आणि वळणांत काही गमावत नाही, कारण तिला विंग कमी करावी लागलेलीच नसते. दुसरी खूण वेग कसा वाढतो त्यात असते. अगदी हळू वळणातून निघताना टायरची पकड वेग ठरवते. ३०० च्या पुढे हवा ठरवते. या दोहोंच्या मधे, साधारण १५० ते २५० च्या पट्ट्यात, इंजिन बोलतं. टीव्हीवर ऑनबोर्ड दृश्य दाखवतात तेव्हा कोपऱ्यातल्या वेगाच्या आकड्यावर याच पट्ट्यात लक्ष ठेवा. दोन गाड्या एकाच वळणातून सारख्या वेगानं निघाल्या आणि एकीचा आकडा झपझप चढला, तर ती खूण पक्की माना. शेवटी कोण ३३० ला गेलं आणि कोण ३३४ ला, हे त्या मानानं गौण आहे.

हे शिकायला स्पासारखी दुसरी जागा नाही. पहिल्या सेक्टरमध्ये ला सूर्सचं एक हळू वळण, मग ओ रूज चढून केमेलचा लांब रस्ता. दुसरा सेक्टर वळणांचा, डोंगर उतरत जाणारा, डाउनफोर्स मागणारा. तिसऱ्यात पुन्हा पूर्ण थ्रॉटल, ब्लाँशिमाँ आणि शेवटी बस स्टॉपची शिकेन. म्हणजे पहिला आणि तिसरा सेक्टर ताकदीचा व कमी विंगचा, मधला जास्त विंगचा. तीनपैकी दोन सेक्टर जिंकून मधला हरलेली गाडी दिसली की कमी विंग किंवा ताकदवान इंजिन अशा दोन शक्यता उरतात, आणि मधल्या सेक्टरमध्ये ती किती हरली यावरून त्यांतली एक निवडता येते.

२०१९ ची फेरारी अशीच होती. स्पाला शार्ल लेक्लेरनं १ मिनिट ४२.५१९ सेकंदांत पोल घेतली, दुसऱ्या क्रमांकावरच्या वेटेलपेक्षा पाऊण सेकंदानं पुढे. मधल्या सेक्टरमध्ये मर्सिडीज बरी होती, पण सरळ रस्त्यांवर फेरारीला गाठणारं कुणी नव्हतं. पुढच्या आठवड्यात मोंझालाही पोल लेक्लेरचीच. प्रतिस्पर्ध्यांनी इंधनाच्या प्रवाहाबद्दल प्रश्न विचारले. तेव्हा ताशी १०० किलोची मर्यादा होती आणि ती एका सेन्सरनं मोजली जाई. फॉर्म्युला वनचं नियमन करणाऱ्या एफआयएनं वर्षाच्या शेवटी शेवटी सूचना काढल्या, पुढे २०२० च्या फेब्रुवारीत फेरारीशी समझोता झाल्याचं कळवलं. त्याचा तपशील जाहीर झाला नाही, त्यामुळे नेमकं काय होतं यावर मी काही म्हणणार नाही. पण २०२० च्या स्पाचा तक्ता सर्वांसमोर आहे. हॅमिल्टनची पोल १ मिनिट ४१.२५२ सेकंद आणि दोन्ही फेरारी तेराव्या-चौदाव्या क्रमांकावर. बाकीचे वर्षभरात सेकंदानं वेगवान झाले आणि फेरारीच्या गाड्या स्वतःच्याच आदल्या वर्षीच्या पोलपेक्षा हळू पडल्या. ताकद गेली की लांब ट्रॅकवर काय होतं ते पाहायचं असेल तर हे दोन तक्ते शेजारी ठेवा.

यापेक्षाही भरवशाची एक पद्धत आहे. एकाच कंपनीचं इंजिन वापरणाऱ्या संघांची आपापसात तुलना करा. २०१८ पासून पुरवठादारानं ग्राहक संघांना स्वतःच्या संघासारखंच इंजिन आणि तीच सॉफ्टवेअर सेटिंग द्यावी, असं बंधन आहे. २०२४ साली मर्सिडीजचं इंजिन चार संघांकडे होतं. संघांच्या क्रमवारीत मॅक्लारेन पहिली आली, खुद्द मर्सिडीज चौथी, ॲस्टन मार्टिन पाचवी आणि विल्यम्स नववी. एकाच इंजिनावर पहिल्यापासून नवव्यापर्यंत! एवढ्या एका उदाहरणानं ‘पोल म्हणजे इंजिन’ हा समज सुटायला हवा. एका इंजिनाच्या सगळ्या गाड्या एखाद्या ट्रॅकवर एकदम वर सरकल्या, तर तिथे इंजिन कामाला आलं असं समजा. एकच सरकली तर श्रेय गाडीचं. २०२६ च्या हंगामात मर्सिडीजचं इंजिन चार संघांकडे आहे, फेरारीचं तीन संघांकडे, रेड बुल-फोर्डचं दोघांकडे. होंडाचं फक्त ॲस्टन मार्टिनकडे आणि ऑडीचं फक्त ऑडीकडे. या शेवटच्या दोघांच्या बाबतीत ही पद्धत लागू पडत नाही, म्हणून त्यांच्या इंजिनाविषयी बोलताना घाई करू नये.

तुलनेत इंजिनाचं वयही धरा. हंगामात मोजकीच इंजिनं वापरता येतात आणि त्यांची ताकद हळूहळू उतरते. २०२१ च्या इंटरलागोसला हॅमिल्टननं पाच जागांचा दंड पत्करून ताजं इंजिन घातलं आणि शुक्रवारच्या क्वालिफायिंगला व्हर्स्टाप्पेनला ०.४३८ सेकंदांनी मागे टाकलं. पुढे मागच्या विंगची फट नियमापेक्षा किंचित जास्त निघाल्यानं ती वेळ रद्द झाली, पण रविवारी दहाव्या जागेवरून तोच जिंकला.

क्वालिफायिंगसाठी वेगळी ताकद, ही कल्पना जुनी आहे आणि ती माहीत असल्याशिवाय आजचे नियम कळत नाहीत. ऐंशीच्या दशकात टर्बोवर जादा दाब चढवून खास शनिवारची इंजिनं बांधत. बीएमडब्ल्यूचं दीड लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन शर्यतीत साधारण ८५० ते ९०० हॉर्सपॉवर देई. क्वालिफायिंगला १३०० च्या वर जात असे असा अंदाज होता. अंदाजच, कारण त्यांचं मोजणी यंत्र १२८० च्या पुढे मोजतच नव्हतं. असं इंजिन मोजक्या लॅप्स टिके. १९८६ साली या इंजिनाच्या बेनेटननं ऑस्ट्रियात आणि मोंझात पोल घेतली, दोन्ही तेओ फाबीनं. शर्यती जिंकल्या मात्र प्रॉस्टनं आणि पिकेनं. शनिवारची ताकद रविवारी उपलब्धच नव्हती. त्याच काळात, १९८५ साली, केके रोसबर्गनं सिल्व्हरस्टोनला होंडाच्या टर्बोवर ताशी सुमारे २५९ किलोमीटरच्या सरासरीनं पोल घेतली, तीही एका टायरमधली हवा हळूहळू जात असताना. ती सरासरी मोडायला २००२ साल उजाडलं.

आपल्या पिढीतली आवृत्ती म्हणजे मर्सिडीजचा ‘पार्टी मोड’. २०१८ च्या मेलबर्नला हॅमिल्टननं शेवटच्या सत्रात रायकोननला ०.६६४ सेकंदांनी मागे टाकलं आणि त्या मोडची चर्चा सगळीकडे झाली. २०२० च्या इटालियन ग्राँप्रीपासून एफआयएनं क्वालिफायिंग आणि शर्यतीत इंजिनाचा एकच मोड बंधनकारक केला. मर्सिडीजचा तोरा आता उतरणार, असं अनेकांना वाटलं. त्याच शनिवारी मोंझाला हॅमिल्टननं १ मिनिट १८.८८७ सेकंदांची, ताशी २६४.३६२ किलोमीटर सरासरीची, तोवरची सर्वांत वेगवान लॅप लावली आणि बोटास दुसरा आला. मोडचा फायदा होता, पण गाडी त्याच्याशिवायही सगळ्यांत चांगली होती. तो विक्रम २०२५ मध्ये मोंझालाच व्हर्स्टाप्पेननं १ मिनिट १८.७९२ सेकंदांची लॅप लावून मोडला. एकाच मोडच्या बंधनामुळे दुसऱ्या सत्रापेक्षा तिसऱ्या सत्रात एखाद्यानं मोठी उडी मारली तर ‘इंजिन वाढवलं’ हे उत्तर आता चालत नाही. नवे मऊ टायर, हलकी टाकी, सुधारलेला ट्रॅक आणि आधी राखून ठेवलेलं चालवणाऱ्याचं धाडस यांत कारण शोधा.

आता बॅटरी. २०२६ च्या नियमांनी हा भाग एकदम महत्त्वाचा केला आहे. २०२५ पर्यंत चाकांना जोडलेली मोटर १२० किलोवॅटची होती आणि लॅपमागे बॅटरीतून ४ मेगाज्यूल घेता येत, म्हणजे पूर्ण जोरावर ३३ सेकंद. शिवाय टर्बोवर बसवलेली दुसरी मोटर वीज पुरवत राही. आता ती दुसरी मोटर गेली आणि चाकांची मोटर ३५० किलोवॅटची झाली, पण बॅटरीतल्या चढउताराची मर्यादा ४ मेगाज्यूलच आहे. साधा भागाकार केला तर पूर्ण जोरावर ही वीज साडेअकरा सेकंदांत संपते! मग लॅपमध्येच पुन्हा पुन्हा साठवावी लागते. शिवाय ताशी २९० च्या पुढे मोटरचा जोर नियमानंच कमी होत जातो. म्हणून आज ट्रॅपचा आकडा वाचताना ट्रॅप कुठे आहे ते बघा. तो लांब रस्त्याच्या अगदी शेवटी असेल तर तिथे पोहोचेपर्यंत काहींची वीज आटलेली असते. ऑनबोर्डवर पाय पूर्ण खाली असूनही वेगाचा आकडा वाढायचा थांबला किंवा उतरू लागला, तर वीज संपली असं समजा. इंजिन कमी ताकदीचं आहे, असा त्याचा अर्थ नाही. त्या संघानं वीज दुसरीकडे, बहुधा जास्त फायद्याच्या जागी, खर्च केलेली असते. दोन्ही विंग आता सरळ रस्त्यावर आडव्या होतात, त्यामुळे ट्रॅपमधला विंगचा वाटा घटला आणि विजेचा वाढला. जुने ठोकताळे इथे बदलावे लागतील.

उरलेल्या दोन गोष्टी थोडक्यात. पहिली, पुढच्या गाडीच्या मागची ओढ. मोंझाला ती इतकी कामाची की २०१९ च्या शेवटच्या सत्रात सगळे एकमेकांच्या मागे राहायला बघत होते आणि शेवटची लॅप वेळेत सुरू करणं फक्त साइन्झ आणि लेक्लेर यांना जमलं. एखाद्याचा ट्रॅपचा वेग त्याच्याच आधीच्या लॅपपेक्षा एकाएकी वाढला, तर त्याच्यापुढे कोण होतं ते आधी पाहा. दुसरी, वेळ. सत्र पुढे सरकतं तसा ट्रॅकवर रबर बसतो आणि पकड वाढते. सत्राच्या सुरुवातीची एक लॅप आणि शेवटच्या मिनिटातली दुसरी, अशी तुलना कधीच करू नका.

एवढं सगळं एका शनिवारी जमणार नाही, आणि जमवायची गरजही नाही. एकच इंजिन असलेले दोन संघ निवडा, मर्सिडीज आणि विल्यम्स घ्या किंवा फेरारी आणि हास. तिसऱ्या सत्रात दोघांचीही गाडी पोहोचेल असं नाही, म्हणून पहिल्या सत्रातल्या त्यांच्या सर्वोत्तम लॅप्स घ्या. तिन्ही सेक्टर आणि ट्रॅपचा वेग वहीत लिहा, शेजारी लॅप कधी लागली ते लिहा. मग वेगळ्या इंजिनाची तिसरी गाडी तशीच मांडा. हे तीन-चार ट्रॅकवर केलंत की कुठला फरक इंजिनाचा आणि कुठला गाडीचा, ते आकडेच दाखवू लागतील. सुरुवात मोनाकोपासून करू नका. स्पाच्या शनिवारी करा.